जुन्या मेमरी कार्डातून मोठ्या कार्डात: फोटो कसे न्यायचे आणि जुनं कार्ड कधी पुसायचं

चवथ म्हणजे गणेशचतुर्थी झाली की गोव्यात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, मोबाइलमध्ये जागा उरली नाही. गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीचे फोटो, घुमट वाजवत म्हटलेल्या आरतीचे व्हिडिओ, बायकांच्या फुगड्या, विसर्जन. साधा फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला साधारण १३० एमबी जागा खातो, फोर-के व्हिडिओ ३५० एमबीच्या वर जातो. अर्ध्या तासाची आरती फोर-केमध्ये घेतली की दहा जीबी गेले. ३२ जीबीचं कार्ड तिसऱ्या आरतीपर्यंत भरतं.

मग म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या दुकानातून १२८ जीबीचं कार्ड येतं आणि घरातला कुणीतरी जाणता सांगतो, ‘अरे, इथून कट कर, तिथे पेस्ट कर, झालं.’ या सल्ल्यामुळे लोकांचे फोटो गेलेले मी पाहिले आहेत. म्हणून हा लेख. माझं सांगणं एवढंच आहे की नवीन कार्ड तपासून होईपर्यंत जुन्या कार्डातला एकही फोटो हलवायचा नाही, फक्त त्याची प्रत काढायची. हे का, ते समजण्यासाठी आधी कार्डाच्या आत डोकावू.

कार्डात जमीन असते आणि उतारा असतो

कार्डाच्या आत मेमरीची चिप असते आणि तिचा कारभार पाहणारा छोटा कंट्रोलर असतो. चिपमध्ये विजेचा अगदी बारीक भार अडकवून माहिती ठेवलेली असते, त्यामुळे वीज नसतानाही ती टिकते. पण कुठला फोटो चिपच्या कुठल्या भागात आहे, याची नोंद वेगळी ठेवावी लागते. या नोंदवहीच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात.

गोव्यात ज्याच्याकडे थोडीफार जमीन आहे त्याला एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा सरकारी कागद, माहीत असतो. सर्व्हे नंबर, मालक, कूळ हे सगळं उताऱ्यावर. जमीन मात्र तिच्या जागेवर. उताऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून माड उपटले जात नाहीत. कार्डाचंही तसंच. फोटो ‘डिलीट’ केला की उताऱ्यावरची नोंद खोडली जाते आणि ती जागा मोकळी आहे असं लिहिलं जातं. फोटो प्रत्यक्षात तिथेच पडून राहतो, दुसरी कुठली फाइल येऊन त्या जागेवर बसेपर्यंत.

यावरून कट आणि कॉपी यांतला फरक कळतो. एकाच कार्डावर फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात ‘कट’ केली तर फक्त उतारा बदलतो, म्हणून ते काम क्षणात होतं. दोन वेगळ्या कार्डांमध्ये तसं करता येत नाही. तिथे यंत्र आधी पूर्ण प्रत काढतं आणि मग जुन्या कार्डावरची नोंद खोडतं. प्रत नीट उतरली का, हे माणसाने पाहण्याआधीच जुनी नोंद गेलेली असते. मध्येच केबल हलली, लाईट गेली किंवा नवीन कार्डच खोटं निघालं, तर दोन्हीकडून हात रिकामे. कॉपी केल्यावर जुनं कार्ड जसंच्या तसं राहतं. कट केल्याने वेळही वाचत नाही, कारण प्रत दोन्हीत काढावीच लागते.

कार्डावरची अक्षरं

दोन जीबीपर्यंतचं कार्ड नुसतं एसडी, त्यावर ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी आणि त्याहून मोठं, दोन टीबीपर्यंत, एसडीएक्ससी. एसडीएचसी कार्डावर एफएटी-३२ नावाची फाइल सिस्टिम असते, एसडीएक्ससीवर एक्सफॅट. सामान्य वापरात यांतला जाणवणारा फरक एकच: एफएटी-३२ मध्ये एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, एक्सफॅटमध्ये होते.

म्हणजे ३२ वरून ६४ किंवा १२८ वर जाताना कार्ड नुसतं मोठं होत नाही, त्याचा प्रकारच बदलतो. जुना कॅमेरा, जुना कार्ड रीडर (कार्ड कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र) किंवा गाडीतला जुना म्युझिक प्लेयर एसडीएक्ससी ओळखेलच असं नाही. न ओळखणारं यंत्र कार्ड फॉरमॅट करायला सांगतं. त्याला ‘हो’ म्हटलं तर भरलेलं कार्ड रिकामं होतं. कार्ड घेण्याआधी यंत्राच्या माहितीपुस्तकात कमाल किती जीबी चालतं ते पाहून घ्यावं.

आणखी एक शंका नेहमी येते. १२८ जीबीचं कार्ड विंडोजवर ११९ का दाखवतं? कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. दुकानदाराने फसवलेलं नाही.

मग फसवणूक कुठे होते?

खोट्या कार्डात. आतली चिप ८ किंवा १६ जीबीची असते, पण कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. फोनने विचारलं की तो सांगतो, ‘मी ५१२ जीबीचा.’ नसलेल्या जमिनीचा उतारा काढून प्लॉट विकावा तशातला प्रकार. कॉपी करताना कसलीही तक्रार येत नाही, फाइलींची नावं दिसतात, आकडेही बरोबर दिसतात. खरी जागा संपली की पुढचं लिखाण एक तर हवेत जातं किंवा आधीच्या फोटोंवर जाऊन बसतं. अर्धा फोटो दिसतो आणि खालचा अर्धा करडा पट्टा, असं झालं की बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

नावाजलेल्या कंपनीचं वेष्टन पाहून भरवसा ठेवता येत नाही, वेष्टनाचीही नक्कल होते. एक टीबीचं कार्ड काही शे रुपयांना मिळत असेल तर ते खोटं समजावं. बाकीच्या कार्डांसाठी खरी परीक्षा एकच आहे: कार्ड शेवटपर्यंत भरायचं आणि लिहिलेलं सगळं परत वाचून पाहायचं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री ही मोफत साधनं नेमकं हेच करतात. १२८ जीबीच्या कार्डाला दोन-तीन तास लागतात. रात्री लावून ठेवावं. पण हे फोटो भरण्याआधी करायचं, नंतर नाही, आणि दुकानाची पावती तोवर जपून ठेवायची.

कार्ड फोनमध्ये कसं बसवलं आहे, ते आधी पाहा

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

२०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून फोनमध्ये कार्ड दोन प्रकारे वापरता येतं. एक पोर्टेबल, म्हणजे काढून कुठेही लावता येणारं. दुसरं इंटर्नल, म्हणजे फोनच्या स्वतःच्या मेमरीचा भाग बनवलेलं. काही कंपन्या दुसरी सोय देतच नाहीत. ज्या देतात, त्यांच्या फोनमध्ये कार्ड पहिल्यांदा घालताना हा प्रश्न विचारला जातो आणि घाईत कुणीतरी ‘इंटर्नल’ दाबून मोकळा होतो.

इंटर्नल केलेल्या कार्डावरचा सगळा मजकूर फोन कुलूपबंद करतो आणि किल्ली ठेवतो स्वतःच्या पोटात. ते कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं तर कॉम्प्युटरला काहीच वाचता येत नाही. तो म्हणतो, कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा. कार्ड खराब नसतं, फक्त किल्ली तिथे नसते. फोन फॅक्टरी रिसेट केला, म्हणजे पुसून नव्यासारखा केला, किंवा पूर्ण बिघडला तर किल्लीही गेली आणि कार्डावरचं सगळं कायमचं गेलं. मग दुकानदार काय, कुणीच ते उघडू शकत नाही.

तेव्हा पहिलं काम: फोनच्या सेटिंगमध्ये स्टोरेज उघडा आणि कार्डाचं नाव तिथे कसं दिसतं ते पाहा. ‘फॉरमॅट अ‍ॅज पोर्टेबल’ असा पर्याय दिसत असेल तर तुमचं कार्ड सध्या इंटर्नल आहे. तो पर्याय दाबू नका, दाबला तर सगळं पुसलं जातं. कार्ड फोनमध्येच ठेवा, फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि फोटो त्या वाटेने बाहेर काढा. अ‍ॅप्स आणि बाकीचा डेटा ‘मायग्रेट डेटा’ वापरून फोनच्या मेमरीत परत आणा. हे सगळं झाल्यावरच कार्ड ‘इजेक्ट’ करा, म्हणजे काढण्याआधी यंत्राला तसं सांगणारा पर्याय दाबा. नवीन कार्ड घालताना माझा आग्रह पोर्टेबलचा असेल. फोन पाण्यात पडला तरी कार्ड काढून फोटो वाचवता येतात. आपल्याकडच्या पावसात हा विचार केलेला बरा.

आणि ज्यांना वाटतं की मोठं कार्ड घातलं की ‘जागा नाही’ हा निरोप आपोआप जाईल, त्यांच्यासाठी: तो निरोप बहुतेक वेळा फोनच्या आतल्या मेमरीबद्दल असतो. व्हॉट्सअ‍ॅप आपले फोटो-व्हिडिओ आतल्या मेमरीतच ठेवतं, पोर्टेबल कार्डावर नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो साठवण्याची जागा ‘एसडी कार्ड’ अशी बदलावी लागते. ती बदलली नाही तर १२८ जीबी रिकामे पडून राहतील आणि फोन तक्रार करतच राहील.

प्रत काढताना

फोन केबलने जोडण्यापेक्षा कार्ड काढून रीडरमध्ये घालणं चांगलं, अर्थात पोर्टेबल कार्ड असेल तरच. केबलने काम हळू होतं, कधी मध्येच तुटतं आणि काही फोनमध्ये फाइलींच्या तारखा आजच्या होऊन बसतात. मायक्रो एसडी कार्डासोबत जो मोठा अ‍ॅडॅप्टर मिळतो, त्याच्या डाव्या कडेला एक पांढरी किंवा करडी बारीक खिटी असते. ती खाली ‘लॉक’कडे सरकवली की बहुतेक रीडर कार्डावर काही लिहीत नाहीत. जुनं कार्ड असं कुलूप लावूनच कॉम्प्युटरमध्ये घालावं. मग हाताची चूक झाली तरी पुसलं जात नाही. खिटी फार लहान आहे, नखानेच सरकते.

जुन्या कार्डातून थेट नवीन कार्डात जाण्यापेक्षा आधी लॅपटॉपच्या डिस्कवर एक फोल्डर करून त्यात सगळं उतरवा आणि तिथून नवीन कार्डावर न्या. दोन पायऱ्या होतात, पण लॅपटॉपवर तिसरी प्रत उरते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून हे काम डेस्कटॉपवर करायचं तर इन्व्हर्टर हवा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. लिखाण चालू असताना वीज गेली तर उतारा अर्धवट राहतो. एफएटी-३२ उताऱ्याच्या दोन प्रती ठेवतं, एक्सफॅटमध्ये साधारणपणे एकच असते. म्हणून मोठ्या कार्डाच्या बाबतीत ‘इजेक्ट’ केल्याशिवाय ओढून काढण्याची सवय जास्त महागात पडते.

नवीन कार्ड ज्या यंत्रात वापरायचं त्याच यंत्रात आधी फॉरमॅट करून घ्या. फोनसाठी फोनमध्ये, कॅमेऱ्यासाठी कॅमेऱ्यात.

कॉपी करताना नुसता डीसीआयएम फोल्डर घेऊन थांबू नका. फोटो तिथे असतात हे खरं, पण रेकॉर्डिंग, डाउनलोड, स्क्रीनशॉट वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. वाड्यावरच्या एखाद्या आजीच्या धालोच्या, म्हणजे बायकांच्या लोकनृत्याच्या, गाण्यांचं रेकॉर्डिंग कुणी केलेलं असतं आणि ते नेमकं ‘रेकॉर्डिंग्ज’ नावाच्या फोल्डरमध्ये पडून असतं. लपवलेल्या फाइली दिसतील अशी सोय चालू करा आणि पूर्ण कार्ड निवडा. त्यात ‘लॉस्ट डॉट डीआयआर’ नावाचा फोल्डर दिसला तर तोही घ्या. कार्डाच्या तपासणीत फोनला सापडलेले, नाव हरवलेले तुकडे तिथे ठेवलेले असतात आणि कधी कधी त्यांत पूर्ण फोटो निघतो. गाण्यांच्या किंवा सिनेमाच्या अ‍ॅपने डाउनलोड करून ठेवलेला मजकूर मात्र प्रत काढूनही चालणार नाही. तो नवीन कार्डावर पुन्हा उतरवून घ्यावा लागतो.

नीट उतरलं, हे कशावरून?

फोल्डर उघडला, फोटोंची छोटी चित्रं दिसली, म्हणजे झालं असं समजू नका. कॉम्प्युटर नुकतंच लिहिलेलं स्वतःच्या मेमरीतून दाखवत असतो, कार्डातून नाही. म्हणून कॉपी संपली की नवीन कार्ड इजेक्ट करा, काढा, पुन्हा घाला आणि मग तपासा.

दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. फाइलींची संख्या आणि ‘साइज’ हा आकडा शेवटच्या बाइटपर्यंत जुळला पाहिजे. त्याखाली ‘साइज ऑन डिस्क’ असतं, ते जुळणार नाही. त्याची काळजी करू नका. मोठ्या कार्डावर प्लॉट मोठे पाडलेले असतात आणि छोट्या फाइललाही पूर्ण प्लॉट द्यावा लागतो, म्हणून तो आकडा फुगतो. संख्या थोडी कमी-जास्त आली तर ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ हा विंडोजने स्वतः बनवलेला फोल्डर त्यात मोजला गेला आहे का ते पाहा.

आकडे जुळले तरी आतला मजकूर जुळला याची खात्री होत नाही. टेराकॉपीसारखं मोफत साधन प्रत्येक फाइल परत वाचून मूळ फाइलशी ताडून पाहतं. त्यात ‘व्हेरिफाय’ चालू करा. ते नको असेल तर निदान सगळ्यात मोठे व्हिडिओ सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी लावून पाहा. मोठ्या फाइलीच आधी बिघडतात.

फोटोंचा क्रम विस्कटला म्हणून बरेच जण घाबरतात. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या पोटातच तारीख लिहिलेली असते, ती कॉपी केल्याने बदलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंतून ती निघून जाते, पण त्यांच्या नावात फोटो मिळाल्याची तारीख असते. नावात २०२३०९१९ असेल तर तो १९ सप्टेंबर २०२३ चा, म्हणजे त्या वर्षीच्या चवथीच्या दिवशी आलेला. म्हणून अशा फाइलींची नावं बदलू नका.

जत्रेच्या नाटकाचं चित्रीकरण असेल तर

गोव्यात जत्रेला, कालोत्सवाला गावोगाव मराठी नाटकं होतात आणि कॅमेरा लावून ती घेणारे पुष्कळ आहेत. तीन तासांचं नाटक एकाच फाइलमध्ये सापडत नाही. चार जीबीच्या मर्यादेमुळे कॅमेरा त्याचे तुकडे पाडतो. एव्हीसीएचडी नावाच्या चित्रीकरण-पद्धतीच्या कॅमेऱ्यात हे तुकडे एकमेकांना कसे जोडायचे, याची माहिती वेगळ्या छोट्या फाइलींत असते. नुसत्या मोठ्या व्हिडिओ फाइली उचलल्या आणि बाकीच्या ‘कचरा’ म्हणून सोडल्या, तर जोडाच्या ठिकाणी चित्र किंवा आवाज क्षणभर तुटतो. नेमकं नाट्यपदाच्या मध्यावर तुटलं की ऐकणाऱ्याचा विरस होतो. तिथे ‘प्रायव्हेट’ नावाच्या फोल्डरपासून सगळी रचना जशीच्या तशी उचलावी, एकाही फोल्डरचं नाव न बदलता.

‘दुकानात पंधरा मिनिटांत करून देतात की!’

देतात, आणि बरेच जण प्रामाणिकपणे देतात. पण ३२ जीबी साध्या रीडरने उतरायलाच अर्धा तास लागतो, तपासणीचा वेळ वेगळा. पंधरा मिनिटांत झालं म्हणजे तपासणी झाली नाही असंच समजा. कार्डात आधार कार्डाचे, पासबुकाचे, घरातल्या मुलीबाळींचे फोटो असतात. द्यायचंच असेल तर समोर बसून करून घ्या आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवरची प्रत पुसली का ते विचारा.

‘क्लाउड आहे ना’ असंही म्हणतात, म्हणजे इंटरनेटवर फोटो साठवायची सोय. गूगलचे मोफत १५ जीबी फोटो, मेल आणि ड्राइव्ह मिळून आहेत आणि १ जून २०२१ पासून नवीन फोटो त्यातच मोजले जातात. शिवाय कॅमेऱ्याशिवाय बाकीचे फोल्डर तिथे आपोआप जात नाहीत, ते एकेक चालू करावे लागतात. क्लाउड असावा, पण जास्तीची प्रत म्हणून.

कार्डाचा पूर्ण ठसा उचलून दुसऱ्यावर उमटवण्याला क्लोन म्हणतात. रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर चालवणाऱ्या कार्डासाठी ते लागतं. फोटोंसाठी नको. क्लोन केल्यावर १२८ जीबीचं कार्डही स्वतःला ३२ चंच समजतं, कारण उताराही जुनाच आलेला असतो, आणि उरलेली जागा वेगळी मोकळी करून घ्यावी लागते.

जुनं कार्डच ‘फॉरमॅट करा’ म्हणत असेल

‘नाही’ म्हणा. आधी दुसऱ्या रीडरमध्ये लावून पाहा. मागच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसा, आपल्या दमट हवेत त्यांवर मळ धरतो. तरीही उघडलं नाही तर बहुधा उतारा फाटला आहे, जमीन शाबूत आहे. फोटोरेक हे मोफत साधन उताऱ्याकडे न पाहता थेट जमीन तपासून फोटो शोधून काढतं. नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत, तुकड्यांत विखुरलेले व्हिडिओ कधी निघत नाहीत, पण फोटो बरेच निघतात. सापडलेलं लॅपटॉपवर ठेवायचं, त्याच कार्डावर कधीही नाही. कार्ड यंत्राला दिसतच नसेल तर कंट्रोलर गेला. मग डेटा रिकव्हरीची प्रयोगशाळा हाच मार्ग उरतो आणि तो खर्चिक आहे.

जुन्या कार्डाचं काय करायचं

लगेच काहीच नाही. त्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी लावून छोट्या घट्ट डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. नवीन कार्ड रोजच्या वापरात काही महिने नीट चाललं आणि फोटोंची आणखी एक प्रत लॅपटॉपवर किंवा हार्ड डिस्कवर झाली, की जुनं मोकळं करायला हरकत नाही. कायमची तिजोरी म्हणून मात्र ते ठेवू नका. चिपमधला भार वर्षानुवर्षं हळूहळू झिरपतो, उष्णतेत जास्तच.

दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर नुसतं फॉरमॅट पुरत नाही, त्याने फक्त उतारा कोरा होतो. फॉरमॅट करून वर सांगितलेलं एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री त्यावर एकदा पूर्ण चालवा. कार्ड शेवटपर्यंत निरर्थक मजकुराने भरतं आणि जुन्या फोटोंच्या जागेवर तो बसतो. मग पुन्हा फॉरमॅट. कार्डात बँकेचे किंवा अगदी खासगी कागद असतील तर द्यायचंच नाही. पक्कडीत धरून मजबूत कात्रीने मधोमध कापा. मायक्रो एसडीत चिप जवळजवळ पूर्ण अंगभर पसरलेली असते, तेव्हा मधला काप तिच्यातूनच जातो. तुकडे ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता जुन्या बॅटऱ्या आणि चार्जरसोबत ई-कचऱ्यात द्या.